स्टेशनची प्रवासीसंख्या (शहरी रेल्वे)

शहरातल्या एखाद्या रेल्वे स्टेशनवर ठरावीक काळात, बहुतेक वेळा एका वर्षात नाहीतर सरासरी एका दिवसात, किती प्रवासी चढले-उतरले याचा आकडा. व्याख्या एवढीच. भानगड पुढे आहे, कारण हा आकडा डोकी मोजून जवळपास कधीच काढत नाहीत, तो तिकीटविक्री, गेट किंवा सर्व्हे यांच्यावरून बांधलेला अंदाज असतो आणि प्रत्येक रेल्वेचा हिशोब वेगळा असतो. त्यामुळे 'जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन' असल्या याद्या वाचताना आधी मोजलंय काय ते बघावं.

काय मोजतात

मुख्य पद्धती तीन. काही ठिकाणी आत येणारे आणि बाहेर जाणारे दोन्ही धरतात, काही ठिकाणी फक्त चढणारे किंवा फक्त गेटमधून आत गेलेले, आणि तिसरा प्रकार म्हणजे स्टेशनच्या बाहेर न पडता नुसती गाडी बदलणारे, ते वेगळ्या रकान्यात टाकतात किंवा सरळ सोडून देतात. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी परतलेला एकच माणूस पहिल्या पद्धतीत घराजवळच्या स्टेशनवर दोनदा आणि ऑफिसजवळच्या स्टेशनवर दोनदा मोजला जातो, दुसऱ्या पद्धतीत दोन्हीकडे एकेकदाच, आणि मधे जिथे त्याने गाडी बदलली तिथे कदाचित तो नोंदलाच जात नाही. म्हणजे 'वर्षाला दहा कोटी प्रवासी' याचा अर्थ दहा कोटी माणसं असा कधीच नसतो.

जपानमधला घोळ

टोकियोचं शिंजुकू हे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन मानलं जातं, गिनेस बुकातही तेच आहे, आणि रोजचे साधारण ३५ ते ३६ लाख हा आकडा सगळीकडे फिरतो. पण तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा, जेआर ईस्टचा, २०१८-१९ चा आकडा बघितला तर तो रोज सुमारे ७ लाख ८९ हजार एवढाच. दोन्ही बरोबर आहेत. जेआर ईस्ट फक्त चढणारे छापते, खाजगी कंपन्या चढणारे अधिक उतरणारे छापतात, म्हणून बेरीज करताना जेआरचा आकडा दुप्पट करून त्यात ओडाक्यू, केइओ, टोकियो मेट्रो आणि तोएई या चौघांचे आकडे मिळवतात. आता जो माणूस केइओच्या गाडीतून उतरून जेआरच्या गाडीत बसला तो एकाच्या खात्यात उतरणारा आणि दुसऱ्याच्या खात्यात चढणारा म्हणून दोनदा आला, उलट जेआरच्याच एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर गेला तर गेट ओलांडलंच नाही म्हणून हिशोबात आलाच नाही! त्यामुळे ३५ लाख हा आकडा एकाच वेळी जास्तही आहे आणि कमीही. शिंजुकूचा पहिला नंबर यामुळे हलेल असं वाटत नाही, पण इतर देशांतल्या स्टेशनांशी थेट तुलना करू नये हेच मत जास्त पटण्यासारखं आहे.

याहून मजेशीर प्रकार अयासे आणि योयोगी-उएहारा या स्टेशनांचा. इथे टोकियो मेट्रोची हद्द संपते आणि तीच गाडी दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर पुढे जाते, तेव्हा सीटवरून न उठलेला प्रवासीसुद्धा एका कंपनीतून दुसरीत गेला म्हणून त्या स्टेशनच्या आकड्यात धरला जातो. आकडा लाखांत फुगतो, प्लॅटफॉर्मवर मात्र तेवढी माणसं नसतात. टोकियो मेट्रो स्वतःच अशा जोडस्टेशनांना क्रमवारीतून वगळते, आणि मग त्यांच्या यादीत इकेबुकुरो वर येतं.

ब्रिटनची पद्धत

इथे ऑफिस ऑफ रेल अँड रोड ही नियामक संस्था दरवर्षी स्टेशनवार अंदाज काढते, मालिका १९९७-९८ पासूनची आहे, आणि नावातच 'अंदाज' असल्याने प्रामाणिक म्हणायला हरकत नाही. आधार मुख्यतः तिकीटविक्री. पण बरीच तिकिटं 'लंडन टर्मिनल्स' अशा गटाच्या नावाने निघतात, त्यावर नेमकं स्टेशन नसतं, मग सर्व्हे आणि मॉडेल वापरून ती वाटून द्यावी लागतात. स्वस्त पडतं म्हणून लोक एकाच प्रवासाची दोन तुकड्यांत तिकिटं काढतात, तेव्हाही नुसत्या तिकिटांवरून बघितलं तर मधल्या स्टेशनवर कोणी न उतरता तिथे एक उतरणारा आणि एक चढणारा दिसतो.

लंडनचं वॉटर्लू स्टेशन बरीच वर्षं पहिलं होतं, २०१६-१७ मध्ये आकडा साधारण ९ कोटी ९४ लाख. कोविडच्या वर्षात, म्हणजे २०२०-२१ ला, तो सव्वा कोटीच्या आसपास कोसळला आणि पूर्व लंडनचं स्ट्रॅटफर्ड सुमारे १ कोटी ४० लाखांवर पहिलं आलं, कारण ऑफिसवाले घरी बसले तरी ज्यांना कामावर जावंच लागत होतं ते लोक याच बाजूने जास्त ये-जा करत होते, असं साधारण मानलं जातं. २०२२-२३ पासून लंडनचंच लिव्हरपूल स्ट्रीट पुढे आहे, त्या वर्षी ८ कोटींच्या थोडं वर, यामागे मे २०२२ मध्ये सुरू झालेली लंडनची नवी रेल्वे, एलिझाबेथ लाइन. लंडनच्याच क्लॅपहॅम जंक्शनचं दुःख वेगळंच, तिथे गाडी बदलणारेच वर्षाला कोट्यवधी, पण ते दुसऱ्या रकान्यात, त्यामुळे मुख्य यादीत ते स्टेशन मागे पडतं.

इतर देश

न्यूयॉर्क सबवे फक्त गेटमधून आत गेलेले मोजते. २०१९ मध्ये टाइम्स स्क्वेअर संकुलाचा आकडा साधारण साडेसहा कोटी होता, लंडनशी ताडायचा तर ढोबळमानाने दुप्पट करावा, आणि गेटवरून उडी मारून जाणारे अर्थातच यात नाहीत. पॅरिसचं गार द्यु नोर युरोपात सगळ्यात गर्दीचं मानतात, वर्षाला २० कोटींच्या वर. फ्रेंच रेल्वे प्रवासी आणि प्रवास न करता स्टेशनात येऊन जाणारे असे वेगळे रकाने देते, ही चांगली सोय आहे पण लोक हवा तो रकाना उचलतात. भारतात स्टेशनची वर्गवारी उत्पन्न आणि तिथून निघणारे प्रवासी यांवर होते, २०१७ पासून उपनगरी, बिगर-उपनगरी आणि हॉल्ट असे गट आहेत. इथे मासिक पासाला महिन्याचे ठरावीक फेरे गृहीत धरतात, पासधारक प्रत्यक्षात किती वेळा गेला ते कळत नाही.

वायफायवरून मोजणी

लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१६ च्या शेवटी चार आठवडे ५४ स्टेशनांवर मोबाइलच्या वायफाय सिग्नलवरून हालचाल टिपली. सुमारे ५६ लाख उपकरणं सापडली, आणि किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जायला लोक किमान १८ वेगवेगळे मार्ग वापरतात हे निघालं, जे तिकिटावरून कधीच कळलं नसतं, कारण तिकीट फक्त सुरुवात आणि शेवट सांगतं. अर्थात एकाच्या खिशात दोन फोन असले की परत तोच प्रश्न.

वर्षाचा आकडा आणि खरी गर्दी

जिना किती रुंद हवा हे वर्षाच्या बेरजेवरून ठरत नाही, गर्दीच्या वेळच्या पंधरा मिनिटांवरून ठरतं. अभियंता जॉन फ्रुइन यांनी १९७१ च्या सुमारास माणशी किती जागा मिळते यावरून गर्दीच्या ए ते एफ (A ते F) अशा सहा श्रेणी मांडल्या, त्या थोड्याफार बदलांसह अजून वापरात आहेत. दिवसभर सारखी वर्दळ असलेलं स्टेशन आणि दोनच तासांत तेवढेच प्रवासी झेलणारं स्टेशन यादीत शेजारी दिसतात.

शांत स्टेशनं

शहरात राहून स्टेशन ओस पडण्याचं कारण बहुतेक वेळा टाइमटेबल असतं, वस्ती नव्हे. ग्रेटर मँचेस्टरमधलं डेंटन हे नेहमीचं उदाहरण. आजूबाजूला भरपूर घरं, पण गाडी आठवड्यातून एकदा, शनिवारी, दोन्ही दिशांना एकेक. २०२३-२४ मध्ये तिथे आत-बाहेर मिळून ५४ नोंदी झाल्या आणि ते ब्रिटनमधलं सगळ्यात कमी वापराचं स्टेशन ठरलं. लाइन रीतसर बंद करायची प्रक्रिया लांबलचक असते, त्यापेक्षा नावापुरती गाडी सोडणं सोपं.

इतक्या लहान आकड्यांवर फारसा भरवसा ठेवू नये. कोणी गंमत म्हणून दहा तिकिटं काढली तरी आकडा हलतो, आणि फुकट पासवर येणारा दिसतच नाही. शहराबाहेरचं असलं तरी ब्रिटनमधलंच शिपिया हिल स्टेशन सांगायला हवं, २०१५-१६ मध्ये १२ आकडा आला, बातमी झाली, लोक मुद्दाम बघायला गेले आणि पुढच्या वर्षी १५६.

लंडनचं ऑल्डविच १९९४ मध्ये बंद झालं तेव्हा रोज साधारण ४५० प्रवासी होते, निमित्त लिफ्ट बदलायच्या खर्चाचं. बर्लिनमध्ये भिंत होती तोवर पूर्वेकडच्या काही भुयारी स्टेशनांमधून पश्चिमेच्या गाड्या न थांबता जायच्या, तिथली प्रवासीसंख्या शून्य, तीही शहराच्या मधोमध. योकोहामाच्या त्सुरुमी लाइनवरचं उमी-शिबाउरा स्टेशन १९४० चं, त्याचा दरवाजा थेट एका कारखान्याच्या आवारात उघडतो म्हणून कारखान्याशी संबंध नसलेल्या प्रवाशाला बाहेर पडताच येत नाही. शिफ्ट सुटली की तेवढ्यापुरती गर्दी, बाकी वेळ समुद्र बघायला आलेले चारदोन लोक, त्यांच्यासाठी प्लॅटफॉर्मला लागून एक छोटी बाग केलेली आहे.