डग्लस यांचा इंग्लंड दौरा आणि दीडशे पौंडांचा वाद

न्यूकॅसलच्या समरहिल ग्रोव्हमधल्या एका घरावर आज फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाची पाटी आहे. हे अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळालेले आणि तिच्याविरुद्ध गावोगाव बोलणारे गृहस्थ. तिथल्या विद्यापीठाच्या एका इमारतीलाही २०१९ मध्ये त्यांचे नाव मिळाले. डग्लस यांची भाषणे इंग्लंडच्या कितीतरी गावांत झाली, पण न्यूकॅसलला त्यांच्या भाषणापेक्षा मोठी गोष्ट घडली. त्यांना त्यांच्या मालकाकडून विकत घेऊन मोकळे करायचे, असे तिथे ठरले. हे योग्य होते का, यावर त्यांच्याच गोटात रण माजले.

अमेरिकेतली गुलामगिरी म्हणजे काय, हे जोतीराव फुल्यांच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. डग्लस १८३८ मध्ये मेरीलँडमधून पळाले होते. १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापले आणि त्यात मालकाचे नाव, गाव सगळे उघड लिहिले. पुस्तक खपले, तसा पकडले जाण्याचा धोकाही वाढला. १६ ऑगस्टला ते बॉस्टनहून ‘कँब्रिया’ बोटीने निघाले. रंगामुळे वरच्या वर्गात जागा नाकारली गेल्याने त्यांनी खालच्या वर्गातून प्रवास केला. बोटीवर त्यांचे भाषण ठेवले, तेव्हा काही अमेरिकी प्रवाशांनी त्यांना समुद्रात फेकण्याची धमकी दिली. २८ ऑगस्टला ते लिव्हरपूलला उतरले.

तिथून ते चेस्टरजवळचा ईटन हॉल हा उमरावी वाडा पाहायला गेले. दारात पाहतात तो बोटीवरचीच काही मंडळी आत जायची वाट बघत उभी! आतली मंडळी बाहेर येईपर्यंत सगळ्यांनाच थांबावे लागले. डग्लसही त्यांच्याच बरोबरीने आत गेले आणि वाड्याच्या नोकरांनी त्यांना वेगळे काढले नाही. पुढे त्यांनी हा प्रसंग पत्रात लिहिला आणि ते पत्र अमेरिकेत छापून आले. त्यांचे स्थलदर्शन असे होते. इमारतीच्या कमानींपेक्षा तिच्या दारातून आपल्याला कोण आत सोडते, हे ते पाहत होते. तो वाडा १९६०च्या दशकात पाडला गेला.

दौरा एकोणीस महिने चालला. सुरुवातीचे बरेच महिने आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये गेले. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या जुन्या गावांतला प्रवास १८४६च्या उन्हाळ्यातला: २५ ऑगस्ट ब्रिस्टल, २८ ऑगस्ट एक्सेटर, ३१ ऑगस्ट ब्रिजवॉटर, १ सप्टेंबर टाँटन. ब्रिस्टलची भरभराट गुलामांच्या ज्या व्यापारावर झाली, त्याच व्यापारातल्या माणसांच्या वंशजांपुढे ते बोलत होते. त्या व्यापारातल्या एका बड्या प्रस्थाचा पुतळा शहराने १८९५ मध्ये, म्हणजे डग्लस येऊन गेल्यावर जवळपास अर्ध्या शतकाने, उभारला. जून २०२० मध्ये जमावाने तो ओढून बंदरात टाकला. तिथल्या सभागृहातल्या टाळ्यांचे मोल ठरवताना पुतळा उभारल्याची ही १८९५ची तारीख विसरून चालणार नाही.

त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दोन नणंद-भावजयांनी अमेरिकेतल्या वकिलांमार्फत मालकाकडे किमतीची चौकशी सुरू केली. डग्लस पळाले तेव्हाच्या मालकाने त्यांच्यावरचा हक्क १०० डॉलरला आपल्या बाल्टिमोरच्या भावाला विकलेला होता. भावाने १५० पौंड मागितले, म्हणजे अमेरिकी हिशेबाने ७११ डॉलर ६६ सेंट. वर्गणी जमली. त्यात एका खासदाराचे ५० पौंड होते. ५ डिसेंबर १८४६ रोजी मुक्तिपत्रावर सही झाली.

आणि मग आठवडाभरातच, १२ डिसेंबरला, डॉनकास्टरहून एका अमेरिकी सहकाऱ्याचे पत्र आले. मुद्दा सोपा होता आणि बोचणारा. माणूस ही मालमत्ता नाही, असे आपण गावोगाव सांगतो. मग मालकाला पैसे मोजणे म्हणजे तो मालक होता, हे कबूल करणेच नव्हे का? या आक्षेपाला आणखी एक धार होती. हाच सहकारी त्याच वर्षी डग्लस यांच्याबरोबर स्कॉटलंडमध्ये फिरला होता, तिथल्या एका चर्चने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांकडून घेतलेली सुमारे ३,००० पौंडांची देणगी परत करावी म्हणून. ‘पैसे परत पाठवा’ अशी घोषणा तिथे भिंतीभिंतींवर रंगली होती. आता त्याच चळवळीतले लोक एका गुलाममालकाच्या दिशेने पैसे पाठवत होते.

डग्लस यांनी २२ डिसेंबरला मँचेस्टरहून उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हे पैसे मालकाची भरपाई नाहीत, त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी आहेत. स्वातंत्र्य माझे जन्मजात आहेच, ते या कागदाने मिळाले नाही. कागदाने फक्त कायद्याचा फास निघाला. दरोडेखोराला पैसे देऊन जीव वाचवणारा दरोडा मान्य करत नाही.

डग्लस यांचे इंग्रज स्नेही त्यांना कुटुंबासह इथेच राहा म्हणत होते, आणि राहिले असते तर कागदाची गरजच नव्हती. इंग्लंडच्या भूमीवर त्यांना कोणी धरून नेऊ शकत नव्हते. पण त्यांना परत जाऊन तिथेच लढायचे होते. डॉनकास्टरहून तत्त्व मांडणाऱ्याला पकडून नेण्याची भीती नव्हती, हे टीकाकार विसरत होते. १८५० मध्ये अमेरिकेत पळालेल्या गुलामांना परत धरून देण्याचा कायदा आणखी कडक झाला, तेव्हा हा कागद किती मोलाचा होता ते कळले.

इंग्रज सरकारच्या १८३३च्या कायद्याने वसाहतींतल्या गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली होती. त्यासाठी काढलेले कर्ज २०१५ मध्ये फिटले. एका माणसाच्या १५० पौंडांवर जितकी शाई खर्च झाली, तितकी या रकमेवर खर्च झालेली आढळत नाही.

४ एप्रिल १८४७ रोजी परतीच्या प्रवासात, त्याच ‘कँब्रिया’वर, तिकीट वरच्या वर्गाचे असूनही त्यांना इतर प्रवाशांबरोबर जेवायला बसू दिले नाही. इंग्रजी वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर बोटकंपनीच्या मालकाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. इंग्लंडमधल्या स्नेह्यांच्या वर्गणीवर डिसेंबर १८४७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरहून त्यांचे स्वतःचे वृत्तपत्र निघाले. तेही बॉस्टनच्या जुन्या सहकाऱ्यांना रुचले नाही.

१८५९ मध्ये ते हार्पर्स फेरीच्या उठावानंतर (गुलामगिरीविरोधकांनी तिथल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला होता) अटक टाळण्यासाठी पुन्हा इंग्लंडला आले, आणि १८८६-८७ मध्ये दुसऱ्या पत्नीसह खरोखरचे पर्यटक म्हणून. त्या वेळी ते पुढे इटली, इजिप्त आणि ग्रीसलाही गेले. १८९३ आणि १८९४ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी पत्रकार आयडा बी. वेल्स अमेरिकेच्या दक्षिणेतल्या झुंडहत्यांविरुद्ध बोलायला लिव्हरपूल, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, न्यूकॅसल अशा जवळपास त्याच गावांतून फिरल्या. त्या न्यूकॅसलला गेल्या तेव्हा डग्लस यांना सोडवणाऱ्या नणंद-भावजयांपैकी नणंद हयात होती. समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या डग्लस यांचा उदास चेहरा पाहून आपल्याला त्यांना विकत घेण्याचे सुचले, ही हकीकत तिने वेल्स यांना सांगितली. खरेदीमागचे कारण म्हणून आज जी गोष्ट सांगितली जाते, ती घटनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी सांगितलेली ही आठवण आहे.