धोकादायक मालाचे एअर वेबिल (खान्देश)

एअर वेबिल ही विमानाने जाणाऱ्या मालाची पोच असते आणि विमान कंपनीशी झालेल्या वाहतूक कराराचा पुरावाही. माल ज्वालाग्राही, विषारी, गंजकारक किंवा स्फोटक असला, की एवढ्या एका कागदावर भागत नाही. माल पाठवणाऱ्याच्या सहीचे ‘शिपर्स डिक्लरेशन’ सोबत लागते आणि वेबिलावरही ठरलेला मजकूर यावा लागतो. या नियमांचा पाया आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, तांत्रिक सूचना हा आहे. रोजच्या कामात मात्र आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, दरवर्षी नव्याने निघणारी नियमपुस्तिकाच उघडली जाते. भारतात या वाहतुकीवर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) देखरेख असते आणि त्यासाठी 2003 साली स्वतंत्र नियम करण्यात आले.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशच्या तीन जिल्ह्यांपैकी जळगावला विमानतळ आहे, पण परदेशी जाणारा असा माल सहसा ट्रकने धुळे-नाशिकमार्गे मुंबई विमानतळाच्या सहार येथील कार्गो संकुलात जातो. जळगाव ते मुंबई अंतर सुमारे 400 किलोमीटर. या रस्त्याच्या टप्प्याचे कागद वेगळे असतात. चालकाजवळ ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचे हे सांगणारा कागद) हवे, गाडीवर धोक्याची पाटी हवी. एजंट मुंबईत बसत असला तरी कागदाचा खरा भाग कारखान्यातच तयार व्हायला हवा, कारण डब्यात काय भरले हे कारखान्यालाच ठाऊक असते. सहारला तपासणीत माल अडला, तर चूक दुरुस्त करायला लागणारी सही आणि नवे खोके दोन्ही 400 किलोमीटर मागे राहिलेले असतात.

जळगाव पीव्हीसी पाइपांचे आणि ठिबक सिंचनाचे गाव. पाइप कितीही पाठवा, त्याला कोणी हरकत घेत नाही. अडचण येते ती पाइप जोडायच्या सोल्युशनची, म्हणजे सॉल्व्हंट सिमेंटची. त्यात टेट्राहायड्रोफ्युरॉन किंवा मिथाइल इथाइल कीटोनसारखे द्रावक असतात. टेट्राहायड्रोफ्युरॉनचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) उणे 14 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. म्हणजे गोदामात उघड्या राहिलेल्या डब्यावरची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. या मालाचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा जागतिक ओळख क्रमांक) 1133, अधिकृत नाव ‘अ‍ॅढेसिव्हज’ आणि वर्ग 3, म्हणजे ज्वालाग्राही द्रव. ज्वलनांक 23 अंशांखाली असल्याने पॅकिंग गट, म्हणजे धोक्याची तीव्रता सांगणारा गट (पहिला सर्वांत धोक्याचा, तिसरा सर्वांत कमी), साधारणपणे दुसरा येतो. माल घट्ट असला तर काही अटींवर तिसरा गटही लागू होतो, म्हणून एमएसडीएसचा (मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा) वाहतुकीबद्दलचा 14 वा विभाग वाचल्याशिवाय गट लिहू नये. दुसऱ्या गटाच्या मालाला प्रवासी विमानात पॅकिंग सूचना 353 लागू होते आणि एका खोक्यात जास्तीत जास्त 5 लिटर जातात; केवळ मालवाहू विमानासाठी सूचना 364 असून मर्यादा 60 लिटर आहे. उंचीवर बाहेरचा दाब घटतो, त्यामुळे आतल्या बाटलीने किंवा डब्याने 95 किलोपास्कल दाबफरक न गळता सोसावा लागतो. बाजारातला साधा टिनचा डबा इथे चालेलच असे नाही.

डिक्लरेशनच्या दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असतात. त्यात यूएन क्रमांक, अधिकृत नाव, वर्ग आणि पॅकिंग गट याच क्रमाने लिहायचे, मग खोक्यांची संख्या व प्रकार, प्रत्येकातले प्रमाण आणि पॅकिंग सूचना. ब्रँडचे नाव जोडीला चालते, अधिकृत नावाऐवजी चालत नाही. प्रवासी विमान की केवळ मालवाहू विमान, या दोनपैकी लागू नसलेला पर्याय खोडायचा असतो. घाईत हेच राहून जाते. खाडाखोड झाली तर ज्याने डिक्लरेशनवर सही केली त्यानेच तिथेही सही करायची. एजंटाकडून कागद भरून घेता येतो, जबाबदारी मात्र पाठवणाऱ्याचीच राहते.

वेबिलावर ‘हँडलिंग इन्फर्मेशन’च्या चौकटीत, धोकादायक माल डिक्लरेशनप्रमाणे आहे अशा अर्थाचे ठरलेले इंग्रजी वाक्य येते. माल फक्त मालवाहू विमानाचा असेल तर तेही लिहावे लागते. त्याच वेबिलावर पाइप-फिटिंगची निरुपद्रवी खोकी असली, तर धोकादायक खोकी किती तेही नोंदवायचे. या कागदांवरूनच वैमानिकाला देण्याची ‘नोटॉक’, म्हणजे विमानात कोणता धोकादायक माल कुठे आहे ही सूचना, तयार होते, त्यामुळे इथे चुकलेला शब्द थेट कॉकपिटपर्यंत पोचतो. 11 मे 1996 रोजी अमेरिकेत व्हॅल्यूजेटचे 592 क्रमांकाचे विमान कोसळून 110 जण दगावले. त्याच्या पोटातल्या ऑक्सिजन जनरेटरांची कागदावरची नोंद ‘रिकामे’ अशी होती. प्रत्यक्षात त्यांतले बरेच भरलेले होते.

काही मालाला डिक्लरेशन लागत नाही. औषधी नमुन्यांना गार ठेवायला घातलेला ड्राय आइस हा असाच. वेबिलावर यूएन 1845, अधिकृत नाव, खोक्यांची संख्या आणि निव्वळ किलो लिहिले की पुरते, फक्त आतला माल स्वतः धोकादायक नसावा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या मात्र प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाहीत. त्या मालवाहू विमानाने जातात, तेही साधारणपणे 30 टक्क्यांहून जास्त चार्ज नसेल तर. वरणगावच्या आयुध निर्माणीत बनणाऱ्या काडतुसांसारखा माल वर्ग 1 मध्ये, म्हणजे स्फोटकांत, मोडतो. त्या वर्गातला 1.4 एस हा सर्वांत कमी धोक्याचा गट सोडला तर बहुतेक स्फोटके प्रवासी विमानाला वर्ज्य आहेत. गावोगावच्या तेलघाण्यांतली तेल राहिलेली पेंडसुद्धा आपोआप तापू शकते म्हणून 4.2 वर्गात नोंदलेली आहे, आता ती विमानाने कोण पाठवणार हा भाग निराळा.