बर्फात दडलेली उष्णता

खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर आपण रोज 'कॅलरी' वाचतो, पण ज्या 'कॅलरिक'शी, म्हणजे उष्णता म्हणून कल्पिलेल्या पदार्थाशी, या शब्दाचे नाते आहे तो पदार्थ अस्तित्वातच नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली, तेव्हा ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या पंक्तीला कॅलरिकही बसवले होते. तो वजन नसलेला प्रवाही पदार्थ आहे, त्याचे कण परस्परांना दूर ढकलतात आणि म्हणून तो शिरला की वस्तू प्रसरण पावते, असे मानले जाई. हा सिद्धान्त भाबडा म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण उष्णतेला असे 'प्रमाण' असते ही दृष्टी असल्यामुळेच ती मोजता आली.

ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाचा १७६१च्या सुमाराचा प्रयोग पाहा. द्रवणांकाला आलेला बर्फ जराशा उष्णतेने वितळतो, असा तेव्हा समज होता. तसे असते तर वसंतात डोंगरांवरचा सारा बर्फ एकदम वितळून भयंकर पूर आले असते, हे ब्लॅकने ओळखले. त्याने काचेच्या दोन पातळ गोलाकार भांड्यांपैकी एकात बर्फ, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे ३३ अंश फॅरनहाइटचे पाणी घेतले आणि दोन्ही भांडी एका मोठ्या रिकाम्या दालनात टांगली. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आले, तर बर्फाला वितळून ४० अंश गाठायला साडेदहा तास लागले. दोन्ही भांड्यांत उष्णता सारख्याच वेगाने शिरते असे धरले, तर एकवीस अर्धे तास, प्रत्येकी ७ अंश, एकूण १४७. त्यातले ८ अंश द्रवणांकापासून, म्हणजे ३२ वरून, ४० वर येण्यात खर्ची पडले. उरलेल्या १३९ अंशांइतकी उष्णता तापमापीला न कळता बर्फात मुरली. आजचा आकडा १४४ आहे! शाळेत शिकलेला 'अप्रकट उष्मा' तो हाच. (अंगातली उष्णता 'शोषून घेणारी' तांब्याची कडी विकणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की कडे त्वचेइतके तापले की त्याचे शोषणे संपते.)

१७९८ साली रम्फर्ड या शास्त्रज्ञाने म्युनिकच्या तोफखान्यातील निरीक्षणे मांडली. घोड्यांच्या बळावर फिरणाऱ्या तोफेच्या धातूत बोथट गिरमिटाच्या घर्षणाने इतकी उष्णता निघाली, की भोवतीचे पाणी अडीच तासांत उकळू लागले. फिरणे चालू असेतो उष्णता आटली नाही, आणि साठवलेला पदार्थ तर कधीतरी संपायला हवा. तरीही १८२४ साली कार्नो या फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या इंजिनाचे विवेचन कॅलरिकच्याच आधारे केले. यांत्रिक कार्यातून ठरावीक प्रमाणात उष्णता निघते हे दाखवणाऱ्या इंग्रज शास्त्रज्ञ जूलच्या प्रयोगांनंतर, १८४०च्या दशकापासून, ब्लॅकच्या त्या १३९ अंशांचा अर्थ बदलला: बर्फातील रेणूंची घट्ट जुळलेली रचना सैल करण्यासाठी लागलेली ती ऊर्जा होती.