बिनअस्तरी जाकिटाचा ऋतू: मिनिमलिस्ट लक्झरी फॅशनची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००९ मध्ये ‘सेलीन’ या फ्रेंच घराण्याने २०१० च्या वसंत-उन्हाळ्यासाठीचे कपडे पॅरिसमध्ये सादर केले. घराण्याची सूत्रे हाती घेतल्यानंतर फीबी फायलो या ब्रिटिश डिझायनरचा तो पहिलाच रॅम्प शो होता. खाकी, पांढरा, काळा अशा मोजक्या रंगांतले सरळ रेषेचे स्कर्ट, टी-शर्टच्या घाटाचे चामड्याचे टॉप आणि कुठेही डोळ्यांत भरणारी नक्षी नाही, असे त्या कपड्यांचे रूप होते. त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, ‘लेहमन ब्रदर्स’ ही अमेरिकी बँक बुडाली होती आणि ज्यांच्या हाती पैसा शिल्लक होता त्यांनाही तो अंगावर मिरवणे अवघड वाटू लागले होते. आज ‘मिनिमलिस्ट लक्झरी’ म्हणून जी शैली सर्वत्र ओळखली जाते तिचा अलीकडचा प्रवाह या संग्रहापासून मोजला जातो. तिची मुळे मात्र बरीच जुनी आहेत आणि ती प्रामुख्याने अशा स्त्रियांच्या कामात सापडतात, ज्यांनी आधी स्वतःला काय घालायला आवडेल याचा विचार केला आणि मगच ते इतरांना विकले.

वसंताचे कपडे आदल्या शरदात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाखवले जातात आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला दुकानांत येतात. मार्चमधल्या पॅरिसमध्ये सकाळी चांगलीच थंडी असते आणि दुपारी कोवळे ऊन पडते. त्यामुळे तिथल्या वसंताचा पेहराव थरांचा असतो: सुती सदरा, त्यावर पातळ लोकरी स्वेटर, त्यावर हलके जाकीट किंवा गॅबर्डीनचा ट्रेंच कोट. (विणण्याआधी सुतावरच जलरोधक प्रक्रिया केलेले हे कापड थॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये तयार केले.) मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये याच काळातल्या सत्राला अनेक वर्षे ‘समर-रिसॉर्ट’ म्हटले जात असे आणि ते योग्यच होते, कारण आपल्याकडे चैत्रात लोकरीचा पातळ थरही सोसवत नाही. पॅरिसच्या वसंतासाठी दिलेला सल्ला पुण्यात किंवा पणजीत जसाच्या तसा लागू करण्यात अर्थ नाही. तेथून घेण्यासारखे आहे ते कापड पारखण्याचे आणि बेतण्याचे शिस्तशीर भान.

हे भान वसंतातच सर्वाधिक कसाला लागते, याचे कारण शिवणकामात आहे. हिवाळी कोटाला अस्तर असते, खांद्यात भरण असते, आत कॅनव्हासचा थर असतो, आणि त्यांच्याआड कापणीतल्या बऱ्याच उणिवा झाकल्या जातात. वसंतातले जाकीट पुष्कळदा बिनअस्तरी असते. ते उलटून पाहिले की प्रत्येक शिवण उघडी दिसते. ती नुसती इंटरलॉक करून सोडली आहे की तिच्या कडांना बारीक उरेब (तिरपी कापलेली) पट्टी लावून त्या बंद केल्या आहेत, मुंढ्यापाशी बाही चढवताना कापडाला झोळ पडला आहे की ती अंगच्या वळणाने उतरली आहे, काज हाताने भरले आहे की यंत्राने, हे सारे एका नजरेत कळते. कशिदा, छपाई किंवा चमक नसलेल्या कपड्यात डोळ्याला दुसरीकडे वळवणारे काहीच नसते, म्हणून साध्या कपड्याची मजुरी अनेकदा नक्षीदार कपड्याइतकीच, कधी त्याहून अधिक पडते.

साधेपणा हेच उच्चभ्रूपणाचे लक्षण, ही कल्पना आधी पुरुषांच्या पेहरावात रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये बो ब्रमेल यांनी रेशीम आणि भरतकाम बाजूला सारून गडद निळा कोट, स्वच्छ पांढरे लिननचे वस्त्र आणि नेमकी बेतणी एवढ्यावरच आपली प्रतिष्ठा उभी केली. स्त्रियांच्या कपड्यांत हा बदल यायला पुढे शंभर वर्षे लागली. पहिल्या महायुद्धात कापडाची टंचाई असताना गॅब्रिएल शनेल यांनी पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरले जाणारे जर्सी कापड घेऊन स्त्रियांसाठी सैल, हालचालीला मोकळे कपडे शिवले. ऑक्टोबर १९२६ मध्ये अमेरिकी ‘व्होग’ने त्यांच्या साध्या काळ्या पोशाखाची तुलना फोर्ड मोटारीशी केली, म्हणजे तो सर्वत्र वापरला जाईल असे सुचवले.

शनेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण या परंपरेचा तांत्रिक पाया घातला तो मादलेन व्हियोने यांनी, असे मला ठामपणे वाटते. १९१२ मध्ये स्वतःचे घराणे सुरू करणाऱ्या व्हियोने लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून रचना शोधत असत. कापड ताण्याबाण्याच्या सरळ रेषेत न कापता उरेब कापले की ते ताणले जाते आणि चुण्या किंवा डार्ट न घेताही शरीराच्या वळणांवर बसते. हा गुणधर्म शिंप्यांना पूर्वीपासून माहीत होता, पण गळपट्टी किंवा काठाची पट्टी यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नव्हता. व्हियोने यांनी संपूर्ण पोशाख त्यावर उभा केला. वरून पाहणाऱ्याला एक साधा रेशमी झगा दिसे आणि त्यामागचे गणित अदृश्य राही. सप्टेंबर १९९६ मध्ये कॅरोलिन बेसेट यांच्या जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांच्याशी झालेल्या विवाहात नार्सिसो रॉड्रिगेझ यांनी बेतलेला जो रेशमी क्रेपचा वेश गाजला, तो थेट याच पद्धतीचा वारस होता.

स्वतःची शैली घडवण्याचा विचार मात्र पॅरिसच्या कूट्यूरमधून (ग्राहकाच्या मापाने हाताने शिवलेल्या कपड्यांतून) आला नाही, तो अमेरिकी तयार कपड्यांतून आला. क्लेअर मकार्डेल यांनी १९३० च्या दशकात एकमेकांशी जुळणारे सुटे कपडे तयार केले, म्हणजे मोजक्या वस्तूंतून अनेक पेहराव जमत. १९४२ चा त्यांचा ‘पॉपओव्हर’ पोशाख ६.९५ डॉलरला विकला जात होता, त्यामुळे त्याला लक्झरी म्हणता येणार नाही, परंतु पुढची सारी रचना त्याच विचारावर उभी आहे. लंडनमध्ये ‘वॉर्डरोब’ नावाचे दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ (एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्या कपड्यांचा संच) ही संकल्पना मांडली, आणि १९८५ मध्ये डोना कॅरन यांनी ‘सेव्हन ईझी पीसेस’ या नावाने नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी सात कपड्यांचा संच आणला. वर्षानुवर्षे तेच कपडे वेगवेगळ्या जोडण्यांत वापरणे ही यातली मुख्य सवय आहे, आणि व्यक्तीची ओळख त्या सवयीतूनच तयार होत जाते.

या दोन धारा, म्हणजे व्हियोने यांची बेतणी आणि मकार्डेल यांचा व्यवहार, जर्मनीत एकत्र आल्या. यिल झांडर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बर्गमध्ये बुटीक उघडले आणि १९७३ मध्ये आपला पहिला संग्रह दाखवला. पुरुषांच्या सुटांसाठी विणले जाणारे उत्तम लोकरी कापड, कडक पांढरा सदरा, आखूड न होणारी आणि लोंबतही न राहणारी बाही, यांवर त्यांनी दोन दशके काम केले. १९८९ मध्ये त्यांची कंपनी फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात आली. त्यांची कापडावरील निष्ठा किती कडवी होती हे पुढच्या घटनेवरून दिसते: १९९९ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन घराण्याने कंपनीतील बहुसंख्य भाग विकत घेतला आणि काही महिन्यांतच, २००० च्या आरंभी, त्या स्वतःच्या नावाचे घराणे सोडून बाहेर पडल्या. मतभेदाच्या मुळाशी कापडावरचा खर्च होता, असे तेव्हा व्यापकपणे सांगितले गेले. पुढे ‘युनिक्लो’ या जपानी ब्रँडसाठी २००९ पासून त्यांनी ‘प्लस जे’ ही परवडणारी मालिका केली. मोठी किंमत हा या शैलीचा अपरिहार्य भाग नाही, याचा तो चांगला दाखला आहे.

जपानचा वाटा येथे नोंदवलाच पाहिजे. इस्से मियाके यांचा भर कापडाच्या एका सलग तुकड्यातून वस्त्र घडवण्यावर होता आणि १९८० च्या दशकात त्यांनी अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्यासोबत हातमागाच्या सुती व रेशमी कपड्यांचे काम केले. भारतीय पातळ सूत आणि न शिवलेल्या वस्त्राची आपली सवय या शैलीला किती जवळची आहे, हे त्यातून दिसले. भारतात डेव्हिड अब्राहम आणि राकेश ठाकोर यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘अब्राहम अँड ठाकोर’ने हाच संयम इकतमध्ये आणला, आणि रुचिका सचदेवा यांच्या ‘बॉडिस’ला २०१८ मध्ये स्त्रियांच्या वस्त्रांसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला.

फायलो यांनी २०१७ च्या अखेरीस सेलीन सोडले, तोवर मेरी-केट आणि अ‍ॅश्ली ओल्सन या अमेरिकी अभिनेत्री भगिनींचा, २००६ मध्ये निर्दोष टी-शर्टच्या शोधातून सुरू झालेला ‘द रो’ हा ब्रँड याच वाटेवर पुढे गेला होता. २०२३ च्या वसंतात ‘क्वाएट लक्झरी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आणि लोगो नसलेला कॅशमिअर लोकरीचा स्वेटर हीच श्रीमंतीची खूण बनली. मला हे वळण चिंतेचे वाटते. ज्या शैलीने कापड आणि बेतणी पाहायला शिकवले, तिचा अर्थ पुन्हा केवळ किमतीशी बांधला गेला. ती किंमत कारागिरापर्यंत पोहोचते याचीही खात्री नाही. जुलै २०२५ मध्ये मिलानच्या न्यायालयाने ‘लोरो पियाना’ या नामवंत इटालियन कॅशमिअर उत्पादक कंपनीला एक वर्षासाठी न्यायालयीन देखरेखीखाली ठेवले, कारण तिच्या पुरवठा साखळीतील उपकंत्राटदारांकडे कामगारांचे शोषण होत असताना कंपनीने पुरेशी देखरेख केली नव्हती, असे न्यायालयाला आढळले. त्याआधी, २०२४ मध्ये, अशाच कारणावरून अरमानी समूहातील एका कंपनीवरही तीच कारवाई झाली होती. त्यामुळे शिवण, अस्तर आणि काज तपासणाऱ्या ग्राहकाने हे कापड कोणी, कुठे आणि किती मजुरीवर शिवले हेही दुकानात विचारले पाहिजे, आणि उत्तर मिळत नसेल तर कपडा परत ठेवण्याची तयारी असली पाहिजे.