मांजर आलंय : सोलापूरच्या घरांत मांजरं शिरली कशी

सोलापुरात कुणाच्या घरी नवं मांजर दिसलं आणि "कुठून आणलंत?" म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "आणलंय कुठं, आलंय." पूर्व भागातल्या तेलुगू घरांत "पिल्लि वच्चिंदि" म्हणतात, कन्नड बोलणाऱ्यांत "बेक्कु बंतु", दखनी बोलणाऱ्यांत "बिल्ली आ गई". गावाच्या चारही भाषांत मांजराला क्रियापद एकच. गाय घेतात, कुत्रा आणतात, पोपट पाळतात. मांजर येतं. मला हे फार खरं वाटतं, कारण माणसाच्या दारात मांजर पहिल्यांदा आलं तेही असंच.

जगातल्या सगळ्या पाळीव मांजरांचं मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका रानमांजरात आहे. अंगानं सडपातळ, वाळूच्या रंगाचं, फिकट पट्ट्यांचं हे जनावर. २००७ साली जवळजवळ हजार मांजरांचे जनुकीय नमुने तपासून संशोधकांनी हे मूळ दाखवून दिलं. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागं उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर. बैलाला वेसण घातली, घोड्याला लगाम घातला, मांजराला कुणी काहीच घातलं नाही. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. त्यात माणूस पुरलेला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर एक मांजर, वय जेमतेम आठ महिने. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी ते होडीत घालून समुद्रापार नेलं होतं, आणि मेल्यावर जवळ निजवलं होतं. दारात आलेल्या मांजरावर माणसानं किती लवकर जीव लावला, ते या एका कबरीवरून कळतं.

आपल्याकडचा जुना पुरावा मला त्याहून आवडतो. सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडोला एक वीट मिळाली. ओली असताना तिच्यावरून मांजर धावत गेलं आणि मागून कुत्रा. दोघांची पावलं भाजून पक्की झाली. पुढं संस्कृतात त्याला मार्जार म्हणू लागले. 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणं, पुसणं. सारखं अंग चाटून लख्ख ठेवणारं ते मार्जार, आणि त्यावरूनच आपलं मांजर. कथांनी मात्र त्याच्यावर अन्याय केला. महाभारतात, पंचतंत्रात मांजर म्हणजे ढोंगी तपस्वी. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटातही एक मांजर हात वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर जमलेत. पण दगडात ते इतकं हुबेहूब कोरायचं तर शिल्पकारानं रोज मांजर पाहिलेलंच असणार.

आता सोलापूर. हा रब्बी ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याची ज्वारी तर आता भौगोलिक मानांकनाच्या यादीत आहे. जुन्या घरांत ज्वारी कणगीत, भिंतीतल्या बळदात, जमिनीखालच्या पेवात साठवायची. शेतातून कडबा यायचा तो गंजी लावून ठेवायचे. असं घर म्हणजे उंदरांचं माहेर. त्यात घरं माळवदाची, सपाट मातीच्या छपरांची, भिंतीला भिंत लागून. एका टोकाच्या माळवदावर चढलेलं मांजर जमिनीला पाय न लावता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उतरायचं. छपराला उजेडासाठी झरोका ठेवलेला असे, तोच मांजराचा दरवाजा. दार लावलं काय आणि उघडं ठेवलं काय, त्याला सारखंच.

धान्याच्या जोडीला इथं सूत आलं. १८७० च्या दशकात 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या. त्याही आधीपासून तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं घरोघरी हातमाग चालवत होती. मागावर चढवायच्या ताण्याला खळ लावावी लागते आणि ती खळ पिठाची. उंदराला ती धान्याइतकीच गोड. कुरतडलेला ताणा म्हणजे विणकराची कित्येक दिवसांची मेहनत मातीत. म्हणून विणकराच्या घरात मांजराला दूधभात मिळायचा, तो कामाचा मोबदला होता असं म्हटलं तरी चालेल.

मोबदल्याच्या पलीकडचंही काही असायचं. साखर पेठेतल्या माझ्या शाळासोबत्याच्या घरी दोन खड्डा माग होते. विणणारा जमिनीलगत बसतो आणि पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. एका उन्हाळ्यात पांढरी मांजरी त्यातल्या एका खड्ड्यात व्याली. घरात सगळ्यात थंड जागा तीच. सोबत्याच्या अव्वानं आम्हाला आवाज न करता वाकून बघायला लावलं. सुताच्या गुंत्यात तीन पिल्लं एकमेकांवर पडलेली, डोळे अजून शिवलेले. गुंत्यातलं लाल सूत कच्च्या रंगाचं असावं, कारण एका पिल्लाचं पांढरं पोट गुलाबी झालं होतं. सोबत्याचे वडील आले आणि म्हणाले, "काय बघलालाव रे?" अव्वानं त्यांच्याकडं न बघताच सांगितलं की हा माग आता बंद. त्यांनी काही न बोलता दुसरा माग धरला. पिल्लांचे डोळे उघडल्यावर काही दिवसांनी मांजरीनंच एकेकाला मानगुटीला धरून माळवदावर नेलं, तेव्हा पावड्या पुन्हा हलल्या. त्यातलं गुलाबी पोटाचं पिल्लू त्या घरी राहिलं. का राहिलं, याला कारण आहे, आणि ते सगळ्याच मांजरांना लागू पडतं.

मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते. पिल्लांचे डोळे आठ-दहा दिवसांत उघडतात. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात, माणसाचा वास, माणसाचा आवाज मिळाला, तर ते जन्मभर माणसाला आपलं मानतं. या पाच आठवड्यांत कुणीच हात लावला नाही, तर तेच पिल्लू पुढं हाक मारली की पळतं, गुरगुरतं. रस्त्यावरचं मांजर आणि घरातलं मांजर यांत जातीचा फरक नाही, फरक या पाच आठवड्यांचा. ते गुलाबी पिल्लू रोज आमच्या हातांत होतं.

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. आकडा सोडला तर ते अगदी बरोबर आहे. एका जागी वास साचतो, तो बोक्याला आणि कुत्र्याला कळतो, म्हणून ती जागा बदलते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव पंथाच्या एका शाखेनं यावरून भक्तीचा एक सिद्धांतच मांडला. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून बसतं, मांजराचं पिल्लू स्वतःला आईच्या तोंडात सोडून देतं. देवापुढं भक्तानं असंच व्हावं, हा मार्जारकिशोर न्याय. आपल्यासाठी यातली गोष्ट साधी आहे. या फिरतीत एखादं पिल्लू एखाद्या घरात मागं राहतं, आणि त्या घरचं होतं. सोलापुरात होळीपासून पावसाळ्यापर्यंत असं घडत राहतं, कारण दिवस मोठा व्हायला लागला की मांजरी माजावर येतात. मृगाचा पहिला पाऊस झाला की आडोशाला आलेली पिल्लं दुचाकीच्या सीटखाली, गाडीच्या बॉनेटमध्ये सापडतात. जूनमध्ये गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, एवढं मी सगळ्यांना सांगत असतो.

लोकांच्या समजुतींनीही मांजराला घरात आणलं, आणि घराबाहेरही काढलं. आडवं गेलं तर काम होत नाही म्हणणारी माणसंच मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं असंही म्हणत. म्हणून नकोशी पिल्लं मारत नसत. पोत्यात घालून ओढ्यापलीकडं, नाहीतर बाजारात सोडून येत. मार्केट यार्डात, मंगळवार पेठेच्या दुकानांत अचानक उगवलेली कितीतरी मांजरं अशी आलेली. आईपासून तुटलेलं पिल्लू असं टाकणं म्हणजे मारणंच आहे, फक्त आपल्या डोळ्यांसमोर नाही, एवढंच. दुसरीकडं बाळाच्या सहाव्या रात्री जिची पूजा होते त्या षष्ठीचं, आपल्या सटवाईचं, वाहन मांजर. मुसलमान घरांत मांजर नापाक मानत नाहीत, त्यानं तोंड लावलेलं पाणीही चालतं. पैगंबरांच्या एका सोबत्याचं नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप. त्या मोहल्ल्यांत खाटकाच्या दुकानासमोर रांगेत बसलेली मांजरं अजून दिसतात, आणि त्यांना कुणी हाकलत नाही.

मांजर हवं असं सरकारदरबारीही एकदा वाटलं होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढं तो दख्खनभर पसरला, सोलापूरही सुटलं नाही. उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं. त्यानंतर अँड्र्यू ब्युकॅनन या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यानं १९०८ मध्ये लिहिलं की ज्या वस्तीत मांजरं जास्त, तिथं उंदीर कमी आणि प्लेगही कमी. तेव्हा लोकांना मांजरं पाळायला सांगा. मांजरालाही प्लेग होतो, त्यामुळं हा उपाय वाटतो तितका निर्धोक नव्हता. पण दारात आलेल्या मांजराला हाकलू नका असं तेव्हा डॉक्टर सांगत होते, हे आज आठवण्यासारखं आहे.

दुकानातून मांजर विकत घेणं ही अगदी अलीकडची गोष्ट. लांब केसांच्या मांजरांचं कौतुक तसं जुनं. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले यानं सतराव्या शतकात ती इराणातून युरोपात नेली. मांजरांचं मोठं प्रदर्शन पहिल्यांदा लंडनला १८७१ मध्ये भरलं आणि तिथून 'जात' हा शब्द मांजराला चिकटला. मांजराला दिवसभर घरातच ठेवणंही जगात १९४७ नंतर सोपं झालं, जेव्हा अमेरिकेत त्याच्या शी-शूसाठी दाणेदार माती पिशवीत विकायला लागले. त्याआधी राख नाहीतर वाळू. आज जुळे सोलापुरात, होटगी रोडला पर्शियन मांजरं दिसतात. चपट्या नाकाचं, दाट केसांचं हे मांजर आपल्या चव्वेचाळीस अंशांच्या मे महिन्यात धापा टाकतं, आणि ते बघवत नाही. घ्यायचंच असेल तर त्याला गारवा देण्याची तयारी ठेवूनच घ्यावं. २०१८ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू दुकानात विकता येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

फ्लॅटमध्ये बाकीचंही बदललं. झरोका गेला, माळवद गेलं, कणगी गेली, ज्वारी पाच-दहा किलोच्या पिशवीत आली. दारं मांजराला बंद झाली, तरी मांजर जिन्यानं येतंच. बदलली ती खाण्याची गोष्ट, आणि हिच्याकडं फार कमी लोकांचं लक्ष जातं. आजीचा दूधभात मांजराला पुरायचा, कारण उंदीर, पाली, टोळ ते बाहेर मारून खायचं. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो आणि तो नाही मिळाला तर डोळे आणि हृदय बिघडतं. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला नुसता दूधभात दिला तर तो उपासच. शाकाहारी घरांनी निदान मांजराचं तयार खाद्य आणावं. लहान पिल्लाला गाईचं दूध पाजू नये, त्याला जुलाब होतात. आणि चार-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी करून घ्यावी, म्हणजे पोत्यात घालण्याची वेळ कुणावर येणार नाही.

एक गोष्ट मात्र 'आलंय' म्हणून सांगितली जाते आणि ती तशी नसते. जिल्ह्यात ऊस अमाप. तोड सुरू झाली की फडातून पट्ट्या-ठिपक्यांची पिल्लं निघतात आणि ऊसतोड मजुरांची पोरं ती प्रेमानं कोपीवर घेऊन जातात. ती बहुतेकदा बाउळाची, म्हणजे आपल्याकडच्या रानमांजराची असतात (पाळीव मांजरांचं मूळ असलेलं रानमांजर वेगळं), कधी वाघाटी या छोट्या रानमांजराची, आणि दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मोठं बाउळ ओळखायला सोपं, लांब पाय, तोकडी शेपूट, कानाच्या टोकाला काळे केस. पण पिल्लू अगदी घरच्या मांजरासारखं दिसतं. अशी पिल्लं सापडली तर त्यांना दूध पाजू नये, घरी नेऊ नये, वनविभागाला कळवावं. बहुतेक वेळा उपाय एवढाच असतो की जिथं सापडली तिथंच, कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशा बेतानं, उथळ पाटीत ठेवून सगळ्यांनी लांब व्हावं. अंधार पडला, ट्रॅक्टरचा आवाज थांबला, की आई येते. बांधावर थोडा वेळ थांबते, वास घेते, आणि मग एकेकाला मानगुटीला धरून न तोडलेल्या उसात घेऊन जाते.