गाडीच्या पोटाखालचा वारा

१७ जून १९७८. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर ब्रॅबम संघाची फॉर्म्युला वन गाडी उभी आहे आणि तिच्या मागच्या बाजूला चक्क कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलेलं आहे. झाकणाआड एक भलामोठा पंखा आहे. तो कुणाला दिसू नये म्हणून हा उद्योग. पण लपणार किती? इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला की उभ्या जागी गाडी जमिनीकडे खाली बसते, आणि शेजारच्या संघांचे लोक बघत राहतात.

शर्यत ब्रॅबमच्या निकी लाउडाने ३४ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकली. ट्रॅकवर तेल सांडलं होतं, बाकीचे ड्रायव्हर जपून चालवत होते, लाउडाची गाडी मात्र डांबराला चिकटल्यासारखी वळत होती. आणि त्यानंतर ती पंख्याची गाडी फॉर्म्युला वनच्या एकाही शर्यतीत उतरली नाही.

आपल्याकडे रेसिंगचा विषय निघाला की बोलणं इंजिनवर जातं. किती हॉर्सपॉवर, टॉप स्पीड किती. पण सरळ रस्त्यावर पळायला फार कौशल्य लागत नाही. शर्यत ठरते वळणावर, आणि वळणावर टायरला रस्ता धरून ठेवायचा असतो. टायरवर भार जास्त तर पकड जास्त. मग गाडीत दगड भरायचे का? नाही. दगडाचं वजन वळताना बाहेर फेकलं जातं, ब्रेक मारताना पुढे ढकलतं. पाहिजे असतो वजन न वाढवता मिळणारा भार. त्याला रेसिंगच्या भाषेत डाउनफोर्स म्हणतात.

गाडीवरचे पंख हे काम करतात, विमानाच्या उलट. पण पंख वाऱ्याला अडवतात, म्हणजे वेग खातात. खरा फुकटचा माल गाडीच्या पोटाखाली आहे. तिथला तळ मध्ये रस्त्याच्या अगदी जवळ आणि मागे हळूहळू वर जाणारा असा घडवला, की हवेला अरुंद फटीतून जावं लागतं. घळीत शिरलेल्या नदीसारखी ती वेग घेते. आता, हवेला वेग घ्यायचा तर मागून कुणीतरी ढकललं पाहिजे; म्हणजे मागे दाब जास्त आणि पुढे, फटीत, दाब कमी. गाडीच्या वरच्या हवेचा दाब जवळपास तसाच राहतो. झालं, वरून गाडी दाबली जाते.

हिशोब करून पाहा. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. तळ ३ चौरस मीटर धरला तर ३० टन. खालचा दाब सरासरी फक्त ५ टक्के घटला, तरी दीड टन भार मिळाला. २०२२ च्या गाडीचं किमान वजन होतं ७९८ किलो. शिवाय वेग दुप्पट झाला की हा भार चौपट होतो. याचंच नाव ग्राउंड इफेक्ट.

ही गोष्ट फॉर्म्युला वनमध्ये नीट सापडली ती लोटस संघाला, आणि तीही थोडी अपघातानेच. कॉलिन चॅपमनच्या या संघाचा पीटर राइट लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या वातबोगद्यात, म्हणजे बंदिस्त जागेत वारा सोडून, छोटं मॉडेल तपासत होता. आकडे काही केल्या स्थिर येईनात. बघतात तर मॉडेलच्या दोन्ही बाजू हवेच्या ओढीने खाली लोंबत होत्या, आणि त्या जमिनीच्या जितक्या जवळ जात तितका डाउनफोर्स वाढत होता. मग कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून फट बुजवली. आकडा एकदम उसळला. बाजूने आत घुसणारी हवा अडवली की पोटाखालचा कमी दाब टिकतो, एवढीच किल्ली.

पुठ्ठ्याच्या त्या पट्ट्या पुढे खऱ्या गाडीत रस्त्याला घासत वरखाली सरकणारे स्कर्ट झाल्या. १९७७ ची लोटस ७८, मग १९७८ ची काळी-सोनेरी लोटस ७९. त्या वर्षीच्या १६ पैकी ८ शर्यती लोटसच्या, आणि विश्वविजेता मारिओ अँड्रेटी.

ब्रॅबमचा डिझायनर गॉर्डन मरे याची अडचण वेगळीच होती. त्याच्याकडचं अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरांचं इंजिन आडवं, पसरट. जिथून हवा न्यायची तिथेच ते बसलेलं. मग त्याने मागे पंखा लावून हवा सरळ खेचूनच काढली. अमेरिकेत १९७० साली चॅपरल २जे या गाडीने हाच प्रयोग केला होता. मरेचा पंखा गिअरबॉक्सवर फिरायचा, त्यामुळे ओढ गाडीच्या वेगावर नव्हे, इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून. हळू वळणातही पकड कायम! नियमानुसार हवेसाठी हलता भाग लावायला बंदी होती. ब्रॅबमचं म्हणणं, पंखा मुख्यतः रेडिएटर थंड करायला आहे. वकिलाला शोभेल असा युक्तिवाद, आणि मला तो मनापासून आवडतो. बाकी संघ खवळले. ब्रॅबमचा मालक बर्नी एक्लस्टनच संघांच्या संघटनेचा म्होरक्या होता. घरात भांडण नको म्हणून त्याने गाडी मागे घेतली. जिंकलेली शर्यत मात्र कायम राहिली.

स्कर्टच्या गाड्यांचा धोका दिसायला वेळ लागला नाही. स्कर्ट अडकला किंवा गाडी कडेच्या उंचवट्यावर चढली, की हवा आत घुसणार आणि टनभर भार क्षणात गायब, तोही भर वळणात. १९८३ पासून तळ सपाट करण्याची सक्ती झाली.

मग २०२२ मध्ये तळाखालून हवा नेणारे बोगदे परत का आणले? कारण पंखांवर चालणाऱ्या गाडीमागे हवा ढवळून निघते. तिला ‘डर्टी एअर’ म्हणतात. त्या हवेत मागच्या गाडीची पकडच सुटते. फॉर्म्युला वनच्याच आकड्यांप्रमाणे, १० मीटर मागे असलेल्या जुन्या गाडीचा ४६ टक्के डाउनफोर्स जायचा. नव्या रचनेत तो तोटा १८ टक्क्यांवर आणायचा बेत होता.

पण फेब्रुवारीत बार्सिलोनाला गाड्या उतरल्या आणि सरळ रस्त्यावर टणाटण उड्या मारू लागल्या. वेग वाढला की तळ खाली ओढला जातो. फार खाली गेला की फट गुदमरते, हवा वाहायची थांबते, ओढ तुटते. गाडी वर येते, हवा पुन्हा वाहते. हे सेकंदाला अनेक वेळा. पाण्यातून वरखाली पोहणाऱ्या पॉर्पोइज या डॉल्फिनसारख्या प्राण्यावरून याला पॉर्पोइझिंग म्हणतात. वातबोगद्यात हे दिसलं नाही, कारण तिथे नियमानेच वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. जूनमध्ये बाकूच्या शर्यतीनंतर मर्सिडीजचा ड्रायव्हर लुइस हॅमिल्टन कंबर धरून गाडीतून उतरला.

रेड बुल संघाला याचा त्रास सर्वांत कमी झाला. तिथे डिझायनर एड्रियन न्यूई होता, ज्याने साउदॅम्प्टन विद्यापीठात शिकताना, १९८० च्या सुमारास, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ग्राउंड इफेक्टवर केला होता. सगळं श्रेय एकट्याला देणं बरोबर नाही, शेकडो इंजिनिअर राबतात. तरी २०२३ मध्ये या संघाने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या.

गाडी खाली आणण्याचा मोह आजही सुटलेला नाही. १९९४ पासून तळाला १० मिलिमीटर जाडीची फळी बसवतात, फार खाली चालवाल तर ती झिजते. शर्यतीनंतर तपासनीस खाली वाकून तिची जाडी मोजतात. ९ मिलिमीटरपेक्षा कमी भरली की निकाल रद्द. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन दुसरा आला होता. संध्याकाळी फळी मोजली, आणि तो दुसरा नंबर गेला.