सार्वनामिक विशेषणे (इंग्रजी व्याकरण)

एरवी नामाच्या जागी येणारे शब्द नामाच्या आधी येऊन त्याची व्याप्ती मर्यादित करू लागले, की इंग्रजी व्याकरणात त्यांना सार्वनामिक विशेषणे म्हणतात. ‘दिस इज ओल्ड’ या वाक्यात ‘दिस’ स्वतःच कर्ता असल्याने सर्वनाम आहे. ‘दिस टेम्पल इज ओल्ड’ यात तोच शब्द ‘टेम्पल’ या नामाशी बांधला गेल्याने विशेषण ठरतो.

दर्शक ‘दिस’, ‘दॅट’, ‘दीज’, ‘दोज’, प्रश्नार्थक ‘विच’, ‘व्हॉट’, ‘हूज’ आणि ‘ईच’, ‘आयदर’, ‘सम’ यांसारखे शब्द दोन्ही कामे एकाच रूपात करतात. ‘एव्हरी’ मात्र नामावाचून एकटा येत नाही. स्वामित्वदर्शकांत बहुधा रूपच बदलते: नामाआधी ‘माय’, ‘हर’, ‘अवर’, तर नामाशिवाय ‘माइन’, ‘हर्स’, ‘अवर्स’; ‘हिज’ तेवढा दोन्हीकडे सारखा राहतो. आजच्या इंग्रजीत ‘द माय हाऊस’ किंवा ‘दिस माय हाऊस’ चालत नाही, ‘दिस हाऊस ऑफ माइन’ म्हणावे लागते. अशा बंधनांमुळेच आधुनिक व्याकरणकार हे शब्द विशेषणांतून वेगळे काढून ‘निर्धारक’ (नामाआधी येऊन ते कोणते, कोणाचे वा किती हे ठरवणारे शब्द) या वर्गात घालतात, आणि ती मांडणी अधिक समर्पक आहे.

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना खरी अडचण येते ती स्वामित्वदर्शकांत. मराठीत ‘तिचा भाऊ’ आणि ‘त्याची बहीण’ यांतील शेवटचा प्रत्यय पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. कोकणीतही तसेच होते, आणि गोव्यात शतकानुशतके राजभाषा असलेल्या पोर्तुगीजमध्येही ‘मेउ’ व ‘मिन्या’ ही रूपे पुढच्या नामाच्या लिंगावरूनच ठरतात. इंग्रजीत मात्र ‘हिज’ आणि ‘हर’ यांची निवड केवळ मालकाच्या लिंगावर अवलंबून असते. म्हणून भाऊ पुल्लिंगी असला तरी ‘तिचा भाऊ’ म्हणजे ‘हर ब्रदर’च. उलट दर्शकांत इंग्रजी सोपी आहे, कारण ‘हा’, ‘ही’, ‘हे’ या तिन्हींसाठी एकटा ‘दिस’ पुरतो आणि बदल होतो तो फक्त अनेकवचनात.

मराठीत ‘स्वतःचा’ या अर्थी येणाऱ्या ‘आपला’ या शब्दाला इंग्रजीत थेट जोड नाही. ‘सावित्रीने आपल्या आईला बोलावले’ यात त्या अर्थाने आई सावित्रीचीच असते; ‘सावित्री कॉल्ड हर मदर’ यात ती दुसऱ्या एखाद्या स्त्रीचीही असू शकते, आणि संदिग्धता टाळायची असल्यास ‘हर ओन मदर’ असे लिहावे लागते.